तपासणीची भीती आणि शब्दांचा धीर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजाराची भीती सगळ्यांनाच वाटते. पण आजार शोधणाऱ्या यंत्राचीही अनेकांना भीती वाटते आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. एमआरआयच्या खोलीबाहेर बसलेला माणूस "मला भीती वाटते" असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "आज राहू द्या, पुढच्या सोमवारी येतो." किंवा विचारतो, "जुन्या रिपोर्टवर नाही का भागणार?" पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करताना ही वाक्ये मी किती वेळा ऐकली याची गणती नाही. पुढचा सोमवार पुष्कळदा उगवतच नाही. दुखणे मात्र थांबलेले नसते.

या भीतीची किंमत मोजावी लागते. एमआरआयमध्ये वीस मिनिटे ते पाऊण तास एका स्थितीत पडून राहावे लागते. रुग्ण हलला की चित्र पुसट येते, तो भाग पुन्हा घ्यावा लागतो. मध्येच "बाहेर काढा" म्हणाला तर तपासणी अर्धवट राहते. मग गुंगीचे औषध देऊन पुन्हा करायची, म्हणजे भूलतज्ज्ञ, वेगळी वेळ आणि वेगळा खर्च. मोखाड्याहून किंवा जव्हारहून एसटी बदलत आलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत आलेल्या नातेवाइकाचीही बुडते. औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराला दुसरी सुट्टी मागायची म्हणजे संकटच. म्हणून ही भीती कशी कमी करता येते, हा प्रश्न तपासणी पुरी होण्याचा आणि निदान वेळेवर होण्याचा आहे. सुदैवाने त्यावर मानसशास्त्राने काही साधे उपाय दिले आहेत.

आमच्या भागात या भीतीला एक खास रंग आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले. त्यामुळे 'रेडिएशन' हा शब्द इथल्या माणसाला पुस्तकातून कळलेला नाही. कुणाचे वडील केंद्रात नोकरीला होते, कुणाच्या गावात आणीबाणीची रंगीत तालीम झाली, कुणी चहाच्या टपरीवर नाही नाही ते ऐकले. एखाद्या आजीला सोनोग्राफीला आणले तरी त्या विचारतात, "यात ते तारापूरचं रेडिएशन नाही ना?" प्रश्नाला हसून चालत नाही. त्याचे नीट उत्तर दिले की निम्मी भीती तिथेच उतरते.

उत्तर असे आहे. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात. एमआरआयमध्ये शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरी असतात. या दोन्हींत क्ष-किरण नाहीत. क्ष-किरण असतात ते साध्या एक्स-रेमध्ये आणि सीटी स्कॅनमध्ये. जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला माती, खडक, हवा, अन्न आणि आकाश यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतका नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो. छातीच्या एका एक्स-रेमध्ये तो ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे फार तर पंधरा दिवसांचा नैसर्गिक वाटा. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र तो साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्ट असतो, म्हणजे तीन-चार वर्षांचा. म्हणूनच सीटी स्कॅन हौसेने करायचा नसतो. डॉक्टरांनी गरज पाहून सांगितला असेल तर भीतीपोटी टाळायचाही नसतो. गर्भवती स्त्रीने किंवा तशी शक्यता असलेल्या स्त्रीने ते आधी सांगितलेच पाहिजे.

मी रुग्णांना माझ्या कपड्यावर लावलेला छोटा टीएलडी बिल्ला दाखवते. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्याला किती मात्रा मिळाली याची नोंद त्यात होते आणि तो ठराविक मुदतीने तपासणीला जातो. अणुवीज केंद्रातले कर्मचारीही तसाच बिल्ला वापरतात. बोईसरमध्ये तो पाहिल्याबरोबर "हा तर आमच्या भावोजींकडे असायचा" असे म्हणणारे हमखास भेटतात. अनोळखी खोलीत एक ओळखीची वस्तू सापडली, की माणूस जरा सैल बसतो.

आता भीती शरीरात काय करते ते पाहू. धोका आहे असे मनाने ठरवले की छाती धडधडते, श्वास उथळ आणि जलद होतो, तळहातांना घाम सुटतो, हातपाय ताठरतात. पळून जाण्यासाठी शरीराने केलेली ती तयारी असते. पण एमआरआयच्या नळीत पळायला जागा नाही. मग छातीच्या धडधडीचीच भीती वाटू लागते. "माझा श्वास कोंडतोय, मी इथेच जाणार" हा विचार येतो, त्याने धडधड आणखी वाढते, आणि चक्र सुरू होते. प्रत्यक्षात नळी दोन्ही बाजूंनी उघडी असते आणि हवा खेळती असते. भीतीची लाट सहसा काही मिनिटांत शिखराला पोचते आणि मग ओसरू लागते, हे माहीत असले तर ती लाट निभावून नेता येते.

बंद जागेची भीती किती जणांना वाटते? बर्लिनमधल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या पंचावन्न हजारांहून अधिक एमआरआय रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरांपैकी सुमारे दोघांना ही भीती अनावर झाल्याचे आढळले. दात आवळून तपासणी पार पाडणारे त्यात धरलेले नाहीत. ते कितीतरी जास्त असतात, हे आमच्या रोजच्या पाहण्यातले आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विचारपद्धती मराठी वाचकांना 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावाने ओळखीची आहे. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. तिचे मूळ सूत्र इथे नेमके लागू पडते. प्रसंग एक, त्याला आपण दिलेला अर्थ दुसरा, आणि भावना त्या अर्थातून येते. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. त्यानंतर दापचरीकडच्या एक मावशी एमआरआयला आल्या होत्या. यंत्राची ठकठक सुरू होताच त्यांनी बाहेर काढायला सांगितले. त्यांना वाटले, जमीन हलली. त्या आवाजाला त्यांच्या आयुष्यात तोच अर्थ होता.

मग त्यांना बसवून सांगितले, की यंत्रात तारांची वेटोळी आहेत. त्यांतून वीज भराभर चालू-बंद होते, चुंबकाच्या ओढीने वेटोळी थरथरतात आणि ठकठक होते. आवाज येतो आहे म्हणजे यंत्र काम करते आहे असे समजा. त्यांना बाहेर उभे राहून दुसऱ्या रुग्णाच्या तपासणीचा आवाज दोन मिनिटे ऐकायला दिला. कानात बोळे घातले, वर हेडफोन लावले. दुसऱ्या वेळी मावशी पंचवीस मिनिटे निवांत पडून होत्या.

यातून पहिला उपाय कळतो, तो पूर्वकल्पनेचा. काय करणार आहोत एवढे सांगून भागत नाही. रुग्णाला काय ऐकू येईल, काय जाणवेल आणि किती वेळ, हे सांगायला हवे. सीटी स्कॅनमध्ये कधी शिरेतून डाय देतात. ती शिरताना अंगभर ऊब पसरते, तोंडात धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून उठून बसतो. सांगितले असेल तर "हां, आली ऊब" म्हणून शांत राहतो. खाज सुटली किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र लगेच सांगा, हेही त्याच दमात सांगायचे.

दुसरा उपाय, सूत्र रुग्णाच्या हाती ठेवण्याचा. एमआरआयमध्ये रुग्णाच्या हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की आमच्याकडे घंटी वाजते. मी तपासणी सुरू होण्याआधी रुग्णाला तो एकदा दाबायला लावते आणि घंटी ऐकवते. हवे तेव्हा बाहेर येता येईल अशी खात्री पटलेला माणूस बहुधा बाहेर यायला मागत नाही. विरारहून सुटलेल्या डहाणू लोकलमध्ये दाराशी उभ्या माणसाला गर्दीचा जितका त्रास होतो, त्याहून आत अडकलेल्याला जास्त होतो. गर्दी दोघांना सारखीच असते, पण एकाला दार दिसत असते.

तिसरा उपाय शब्दांचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट डॉ. एल्विरा लँग यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. रुग्ण जागा असताना रक्तवाहिन्यांत किंवा मूत्रपिंडात नळी घालून केल्या जाणाऱ्या प्रक्रियांतील २४१ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २००० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला नेहमीची सेवा दिली. दुसऱ्या गटाजवळ एक व्यक्ती सतत लक्ष देत होती. तिसऱ्या गटाला त्याशिवाय स्वतःला शिथिल करण्याची, मन सुखद दृश्यावर नेण्याची पद्धत वाचून दाखवली. पहिल्या गटाची प्रक्रिया सरासरी ७८ मिनिटे चालली, दुसऱ्याची ६७, तर तिसऱ्याची ६१. दोन्ही गटांना वेदनाशामक आणि गुंगीची औषधेही निम्म्याहून कमी लागली. जास्त बोलल्याने वेळ वाया जातो अशी समजूत असणाऱ्यांनी हे आकडे पाहण्यासारखे आहेत.

त्यांनीच २००५ मध्ये अशा प्रक्रियांची ध्वनिचित्रमुद्रणे तपासून आणखी एक गोष्ट मांडली. "आता दुखेल", "टोचेल हं" अशा सूचनांनी रुग्णाची वेदना आणि चिंता कमी न होता वाढत होती. दुखल्यानंतर दाखवलेल्या सहानुभूतीनेही चिंता वाढत होती.

आपल्या बोलण्यात हे कसे उतरवायचे? "घाबरू नका" म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, घाबरण्यासारखे काही तरी आहे. त्याऐवजी "मी काचेपलीकडे आहे, तुमचा आवाज मला ऐकू येतो" असे म्हणावे. "अजिबात हलू नका" म्हटले की अंग ताठरते आणि नाकाला खाज सुटते. "अंग गादीवर सोडून द्या, आवाज थांबेपर्यंत असंच राहू द्या" म्हटले की तेच काम होते. सुई लावताना "दुखणार आता" न म्हणता "हाताला गार लागेल, मग सुई लावते, दुसऱ्या हाताची मूठ आवळा आणि हळूहळू सोडा" असे सांगावे. मात्र खोटे बोलू नये. "दुखेल का?" असे रुग्णाने विचारले तर "क्षणभर टोचल्यासारखं वाटेल" हेच उत्तर द्यायचे. एकदा खोटे पडलेल्या माणसाच्या पुढच्या धीराला किंमत राहत नाही.

शब्द रुग्णाच्या भाषेतले असावेत. औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आहेत, तलासरीकडे गुजराती चालते, आणि वारली, कोकणा घरांतल्या वडीलधाऱ्यांची बोली वेगळी आहे. सीटी स्कॅनमध्ये श्वास रोखायची सूचना यंत्रातून इंग्रजीत आली तर माणूस आणखी गोंधळतो. "श्वास घ्या, धरा, सोडा" हे तीन शब्द रुग्णाच्या बोलीत शिकून घ्यायला आम्हाला पाच मिनिटे लागतात. तपासणीआधी टेबलावर त्याची एकदा तालीम केली, की पुन्हा करायची वेळ क्वचित येते.

चौथा उपाय श्वासाचा आणि लक्ष वळवण्याचा. नळीत जाण्याआधी चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सोडायचा, असे आठ-दहा वेळा करायचे. लांबवलेला उच्छ्वास धडधड कमी करायला मदत करतो. पोटाची किंवा छातीची तपासणी चालू असताना मात्र आम्ही सांगू तसाच श्वास घ्यायचा, कारण मोठ्या श्वासाने चित्र हलते. डोळे आत जाण्याआधीच मिटायचे. एकदा आत जाऊन छत नाकाजवळ पाहिले, की ते डोळ्यांसमोरून हटत नाही. डोळ्यांवर रुमाल मागितला तर आम्ही देतो.

आणि मग मनाला काम द्यायचे. काम ज्याचे त्याने निवडावे. सातपाटीचे एक मच्छीमार दादा म्हणाले, मी बोट बंदरातून काढून जाळे टाकायच्या जागेपर्यंत नेतो. विक्रमगडच्या एक ताई मनातल्या मनात भाताची आवणी करत होत्या, एकेक ओळ पुरी करत. रोज लोकलने जाणाऱ्यांना मी स्थानके मोजायला सांगते. यंत्राचा आवाज बदलला की पुढचे स्थानक. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. बहुतेकांची तपासणी डहाणूच्या अलीकडेच संपते. लहान मुलांना घरी 'स्टॅच्यू' खेळायला सांगावे. आई "स्टॅच्यू" म्हणाली की ठकठक आवाज काढायचा आणि मुलाने पुतळा व्हायचे. दोन दिवस हा खेळ झाला, तर अनेक मोठी मुले गुंगीशिवाय तपासणी करून घेतात.

काही भीती बारीक गोष्टींतून येते. एमआरआयआधी अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो. कित्येक बायकांच्या मनाला मंगळसूत्र आणि जोडवी काढताना चर्र होते. "काढा पटकन" असे म्हणण्याऐवजी ते त्यांच्याच रुमालात बांधून सासूबाईंच्या किंवा नवऱ्याच्या हातात द्यायला सांगितले, की प्रश्न सुटतो. हा नियम का, तेही सांगावे. यंत्राचे चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेल्याने एका तरुणाचा जीव गेला. ती बातमी आठवून आजही काही जण बिचकतात. त्यांना मी सांगते, की त्यासाठीच आम्ही दारावर इतके प्रश्न विचारतो. पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसवलेला धातू, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण यांपैकी काहीही असेल तर ते लपवू नका. वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करणाऱ्या कामगारांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सोनोग्राफीतली भीती निराळी असते. ती शांततेतून येते. गर्भाचे लिंग सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्या धास्तीने काही ठिकाणी गर्भवतीशी एक शब्दही बोलला जात नाही. ती डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या वाचत पडून राहते. "बाळाचे ठोके चांगले आहेत", "आता डोक्याचं माप घेते" असे बोलण्याला कायद्याची कसलीही आडकाठी नाही.

तंत्रज्ञाचा चेहराही असाच वाचला जातो. रिपोर्ट डॉक्टर देतात, आम्हाला तो सांगता येत नाही. म्हणून मी आधीच सांगून ठेवते, "फोटो नीट आला की नाही हे मी दोन-तीनदा बघते, कधी एखादा पुन्हा काढते. त्याचा अर्थ काही वाईट दिसलं असा नाही. रिपोर्ट डॉक्टर देतील, साधारण अमुक वेळेला." वाट पाहण्याला शेवट आहे हे कळले, की ती थोडी सुसह्य होते.

या उपायांना मर्यादा आहेत. काहींची बंद जागेची भीती फार तीव्र असते. लिफ्टमध्ये पाऊल टाकता येत नाही, अशा माणसाला चार गोड शब्द पुरणार नाहीत. त्यांनी ते आपल्या डॉक्टरांना आधीच सांगावे. सौम्य औषध देता येते, रुंद नळीचे यंत्र असलेले केंद्र निवडता येते, गरज पडली तर गुंगी देता येते. भीती रोजच्या जगण्यात आड येत असेल तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तपासणीची वेळ ठरवताना फोनवरच चार प्रश्न विचारा. किती वेळ लागेल? आत काय जाणवेल? सोबत कुणाला थांबता येईल? मध्येच थांबायचे असेल तर काय करायचे? आणि खोलीत गेल्यावर, टेबलावर आडवे होण्याआधी, तिथल्या माणसाला सरळ सांगा, "मला जरा भीती वाटते." आमच्या कामाची सुरुवात त्या वाक्यापासून होते.